टोंगलूचा शनिवार

मिरू,

रूथचं पत्र तू गेल्यावर नवव्या दिवशी आलं. पाकिटावर आपल्या दोघींची नावं आहेत, कारण तिने ते हैफाला पेटीत टाकलं तेव्हा तू होतीस. माझ्या नातीचं अक्षर आता कॉलेजातल्या मुलीसारखं तिरकं झालं आहे. मराठी मात्र चौथीतलंच आहे. पनवेल सोडताना ती ज्या इयत्तेत होती तिथेच ते थांबलं.

तिला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिली: "मावशीआजीला विचार, हिमालयात नवख्या माणसांनी चढायला सोपी वाट कुठली? रोज रात्री डोक्यावर छप्पर मिळेल अशी. मी आणि योना पुढच्या वर्षी येणार. तुम्ही दोघी म्हाताऱ्या गेला होता म्हणजे आम्हाला जमेलच." तेव्हा आपण म्हाताऱ्या नव्हतो. मी बावन्न, तू सत्तेचाळीस. पण ते असो. दुसरी गोष्ट पत्राच्या अगदी तळाशी, वेगळ्या शाईत आहे, म्हणजे नंतर धीर करून लिहिलेली: "आजी, आम्ही इकडे आलो तेव्हा तू का नाही आलीस? बाबा सांगत नाही."

मला दोन्हींचं उत्तर एकाच कागदावर लिहावं लागणार आहे, आणि ते मी तुला उद्देशून लिहिते आहे. मुलांना, रूथला आणि तिच्या धाकट्या भावाला योनाला, याची नक्कल जाईल. तू उलट बोलू शकत नाहीस याचा मी फायदा घेते आहे, असं हवं तर म्हण. पण तू जिवंत होतीस तेव्हाही कुठे बोललीस? माझी सगळी तक्रार तीच आहे.

मी क्रमाने लिहिते. मला दुसरं येत नाही.

आई गेली त्या वर्षापासून सुरुवात करते. अठरा वर्षं तू तिचं केलंस. सकाळी तिला अंघोळ, दुपारच्या सुट्टीत शाळेतून धावत येऊन औषध, संध्याकाळी परत तेच. मी याच गावात चार गल्ल्या पलीकडे संसार करत होते, मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते, आणि दर रविवारी येऊन आईच्या उशाशी तासभर बसून तुला सूचना देऊन जात होते. मोसंब्याचा रस गाळून देत जा. खिडकी उघडी ठेवत जा. तू "बरं" म्हणायचीस. नंतर माझे यजमान गेले, तेव्हाही माझ्या घरी येऊन महिनाभर स्वयंपाक तूच केलास, आईला इकडे ठेवून, दिवसातून सहा वेळा चार गल्ल्या ओलांडत. हे मी विसरलेले नाही. पुढे जे लिहिणार आहे ते वाचताना मुलांनी हे आधी वाचलेलं असावं म्हणून लिहिते.

आईचं महिन्याचं झालं आणि तू म्हणालीस, "ताई, मला हिमालय बघायचाय." कुणी पाणी मागावं तितक्या साध्या आवाजात.

मी म्हटलं, "एकदम हिमालय?"

"पंचवीस वर्षं पोरींना नकाशात काठीने दाखवतेय. एकदा काठीशिवाय बघू दे की."

"बघू. पण नीट बघू," मी म्हटलं, आणि वही उघडली.

त्या वहीवर तू आयुष्यभर हसलीस. पण ती नसती तर आपण कल्याणच्या पुढे गेलो नसतो. तीन वाटा मी तीन रकान्यांत मांडल्या होत्या. काश्मीरची वाट पहिल्याच दिवशी कापली, कारण तिथे तंबू लागत होते. दुसरी पिंडारी हिमनदीची. तिथे सरकारी डाक बंगले होते, एकेका दिवसाच्या चालीवर, पण वाट नदीच्या खोऱ्यातून जाते आणि शेवटच्या बंगल्यानंतर बर्फावरून चालावं लागतं. तिसरी दार्जिलिंगहून सांदकफूची. बारा हजार फूट, डोंगराच्या धारेवरून रुंद घोडवाट, पहिल्या मुक्कामाला जोरपोखरीचा बंगला, दुसऱ्याला टोंगलूचा, तिसऱ्याला सांदकफूच्या माथ्यावरचा. प्रत्येक बंगल्यात खाट, शेगडी, चौकीदार. थकलेल्याला घोडं मिळतं. आणि वर उभं राहिलं की समोर कांचनगंगा, हवा स्वच्छ असली तर दूरवर एव्हरेस्टसुद्धा. मी मागवलेल्या पातळ इंग्रजी पुस्तिकेत लिहिलं होतं, नवख्यांसाठी याहून चांगली वाट हिंदुस्थानात नाही.

तुला पिंडारी हवी होती. "तिथे बर्फाला हात लावता येतो गं."

"पर्वत पाहायचा असतो, मिरू. हात लावायला तो काय म्हैस आहे?"

"तू म्हशीलाही कधी हात लावला नाहीस, ताई."

वाट मी म्हटली तीच ठरली. रूथ, हे तुझ्यासाठी: त्या निवडीत चूक नव्हती. आजही मी तीच वाट सुचवीन. चूक पुढे झाली, मुक्कामाचे वार ठरवताना.

आपल्याला एक रात्र जास्त धरावी लागत होती, शनिवारची. शुक्रवारी सूर्य बुडाल्यापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत आपल्या यहुद्यांचा शब्बाथ, विसाव्याचा दिवस. चूल पेटवायची नाही, प्रवास करायचा नाही. आपल्या वाडवडिलांना साऱ्या कुलाबा जिल्ह्यात शनवार तेली म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद. म्हणजे कुठल्या तरी एका बंगल्यात आपल्याला दोन रात्री काढायच्या होत्या, आणि परवाना आधीच काढायचा असल्यामुळे कुठल्या ते पनवेलमध्ये बसून ठरवायचं होतं. तू लगेच म्हणालीस, "वरच्या. सांदकफूला शुक्रवार आणि शनिवार. दोन रात्री म्हणजे दोन पहाटा. एक ढगात गेली तर दुसरी हाताशी."

हे बरोबर होतं. पंधरा वर्षांनंतर मी कागदावर लिहून देते की ते बरोबर होतं.

पण पुस्तिकेत होतं की नवख्या माणसांनी माथ्यावर एकापेक्षा जास्त रात्री काढू नयेत, थंडी सोसत नाही. आणि टोंगलू ते सांदकफू हा टप्पा चौदा मैलांचा, सगळ्यांत लांब. त्याच्या आदल्या दिवशी विश्रांती असावी हे कुणालाही पटण्यासारखं होतं. मी शनिवार टोंगलूला टाकला आणि माथ्यावर रविवारची एकच रात्र धरली. तू रकान्यावर बोट ठेवून म्हणालीस, "ताई, तू चढण सोपी केलीस. बघणं अवघड केलंस." मी शाई सुकवली आणि वही मिटली.

सरावाला आपण दर रविवारी कर्नाळ्याला जात होतो. किल्ल्याच्या सुळक्याखालपर्यंत, पाचवारी पातळं, पायात पोरांचे कॅनव्हासचे बूट. वाटेत मिठागराकडची चांगुणाबाई डोक्यावर पाटी घेऊन भेटायची. आपल्याला वाल आणि मीठ तिच्याकडूनच येई. ती पाटी सावरत उभी राहायची आणि म्हणायची, "आमाला पोटासाठी चढाला लागतं, आन तुमी बाया खुशीनं चढता? मास्तरणींनो, तुमाला काम नाय काय घरात?"

"चांगुणाबाई, हा तर छोटा. आम्ही मोठ्या डोंगरावर चाललोय."

"मोठा म्हंजे किती? पर्बळगडायेवढा हाय?"

"असे दहा एकावर एक."

"मंग कवा उतराल?" तिने विचारलं, आणि तू इतकी हसलीस की खाली बसलीस. तुला इतकं हसताना मी त्या आधी कधी पाहिलं होतं ते मला आठवेना. अठरा वर्षांपूर्वी, बहुधा.

प्रवासाचं मी लिहीत नाही. तीन दिवस गाडी, मध्ये गंगा ओलांडायला बोट, मग ती खेळण्यातली आगगाडी. आपली भांडी आपल्याबरोबर, तांदळाचं पीठ, मेतकूट, आंबोशी. शुक्रवारी दुपारी दोन वाजता आपण टोंगलूला पोचलो. दहा हजार फूट. माझं डोकं ठणकत होतं. तुझे गाल लाल झाले होते आणि तू बंगल्याभोवती कोंबडीसारखी फिरत होतीस. बंगला डोंगराच्या कुशीत, मागे एक टेकाड, आणि त्यामुळे उत्तरेचं काही दिसत नव्हतं. चौकीदार म्हातारा, कानटोपीतला. त्याने आकाशाकडे पाहून सांगितलं, "कल सवेरे सब साफ होगा, माईजी. उसके बाद बादल. हवा बदल रही है."

तू माझ्याकडे वळलीस. "ऐकलंस?"

"ऐकलं. उद्या शनिवार."

"उद्या उजाडता निघालो तर तीनपर्यंत माथ्यावर."

"चौदा मैल? शब्बाथला?"

"वरचा बंगला उद्या रिकामा आहे. हा म्हणतोय, वरचा चौकीदार सांभाळून घेईल."

"आपल्याकडे परवाना रविवारचा आहे, मिरू."

"ताई, तुला शब्बाथ आडवा येत नाही. तुझी वही आडवी येते. मॅट्रिकच्या परीक्षेच्या देखरेखीला शनिवारी एस.टी.त बसून ठाण्याला जातेस, तेव्हा कुठे जातो तुझा शब्बाथ?"

"तो नाइलाज असतो."

"आणि हे?"

"ही हौस आहे," मी म्हटलं.

हौस. अठरा वर्षं आईची मोरी धुतलेल्या बाईला मी हे म्हटलं. शब्द तोंडातून गेला तेव्हाच मला कळलं, पण मी तो परत घेतला नाही. वर्गातही मी शब्द परत घेत नसे. आत जाऊन तू तेलाचा दिवा काढलास, वात नीट केलीस आणि तो माझ्यासमोर ठेवलास. मी दिवा लावला, प्रार्थना म्हटली, आणि आपण थंड भाकरी खाऊन निजलो.

शनिवारी मी उठले तेव्हा आठ वाजून गेले होते. तू शेगडीपाशी बसली होतीस. शेगडी चौकीदाराने पेटवली होती. शनिवारी सांगायला नको म्हणून मी त्याला शुक्रवारीच सांगून ठेवलं होतं. तुझे बूट ओले होते, त्यांतून वाफ निघत होती.

"कुठे गेली होतीस?"

"बाहेर. जरा."

नऊ वाजता ढग आले आणि सगळं पुसलं गेलं. दिवसभर मी तुझ्या चेहऱ्यावर राग शोधत होते. तो नव्हता. तू माझं डोकं चेपून दिलंस, आल्याचं पाणी प्यायला लावलंस, आणि दुपारी मला गाढ झोप लागली. मला वाटलं, केवढं मोठं मन हिचं.

रविवारी चौदा मैल धुक्यातून. चढावर मला दम लागला की तू मागे यायचीस आणि माझ्या कमरेला हात लावून ढकलायचीस. घोडं करू म्हणालीस, मी नको म्हटलं. माथ्यावर पोचलो तेव्हा दहा हातांवरचं दिसत नव्हतं. सोमवारी पहाटे आपण कांबळी पांघरून बाहेर उभ्या राहिलो. पांढरं. वर, खाली, समोर, सगळीकडे सारखं पांढरं. मी घड्याळ बघत होते. सात. साडेसात. आठ. त्या दिवशी कलकत्त्याची मंडळी येणार होती, बंगला सोडायला हवा होता. मी तुझ्याकडे बघू शकत नव्हते. आणि तू म्हणालीस, "चल ताई, उतरू या. चहा घेऊन निघू." इतक्या सहज म्हणालीस, की मी ते ऐकून तिथे धुक्यात रडले आणि तू मला थोपटलंस.

तू मला थोपटलंस, मिरू.

पनवेलला परत आल्यावर जो तो विचारायचा, दिसला का पर्वत? मी दुसरीकडे बघायची. तू सांगायचीस, "दिसला ना!" चांगुणाबाई पाटी उतरवून ओट्यावर बसली आणि म्हणाली, "कसा हाय मंग?" तू म्हणालीस, "आधी गुलाबी, पेरूच्या गरासारखा. मग बघता बघता मिठासारखा पांढरा. तुझ्या मिठागरावर ऊन पडतं ना, तसा. पण उभा."

"उभं मीठ," चांगुणाबाई म्हणाली. "बरं सांगते."

ती गेल्यावर मी तुला म्हटलं, "मिरू, माझ्यासाठी खोटं बोलू नकोस."

"खोटं नाही गं ताई," तू म्हणालीस, आणि हसलीस.

मला काय वाटलं ते आता सांगते. मला वाटलं, मी हिचा पर्वत हिरावून घेतला आणि ही चारचौघांत मला सांभाळून घेते आहे. तुझं प्रत्येक "दिसला ना" मला आत जाऊन लागायचं. मी हळूहळू बदलले. माझं घर सोडून तुझ्याकडे राहायला आले. तू म्हणशील ती भाजी, तू म्हणशील तो सिनेमा. शाळेतल्या बायका म्हणायच्या, हॅनाबाई किती मऊ झाल्या. मऊ नव्हते झाले. मी अपराधी झाले होते, आणि अपराधी माणूस बाहेरून मऊच दिसतो.

मग सहा वर्षांनी माझा मुलगा दावीद आणि सून लिआ यांनी इस्राएलला जायचं ठरवलं. आपल्या आळीतली निम्मी घरं तोवर गेलीच होती. माझे कागद झाले होते. फोटो काढला होता, टोचून घेतलं होतं, रूथने माझ्या पेटीवर स्वतःच्या हाताने नाव रंगवलं होतं. तू यायला तयार नव्हतीस. आपल्या लोकांतले सगळेच गेले तर सिनेगॉगचं कुलूप कोण उघडणार, असं काहीतरी म्हणायचीस. ते खरं कारण नव्हतं. तुला पनवेल आवडत होतं, एवढंच.

निघायला बारा दिवस होते. आपण दोघी मागच्या पडवीत मोड आलेले वाल सोलत बसलो होतो. परातीत पाणी, साली तरंगत होत्या. तू म्हणालीस, "तू जा की. माझं काय अडतंय?"

मी म्हटलं, "नाही जाणार. टोंगलूला तुझं ऐकलं नाही. तुझी जन्माची एक इच्छा, ती माझ्यामुळे गेली. आता तुला एकटीला टाकून गेले तर मला तोंड दाखवायला जागा नाही."

मी हे शब्द मोजून सांगते आहे, कारण मी ते मोजूनच बोलले होते. तू मान वर केली नाहीस. एक वाल सोललास. मग दुसरा. मग म्हणालीस, "बघ बाई, तुझी मर्जी." आणि रात्रीच्या बिरड्यात नारळ किती घालू ते विचारलंस.

बंदरावर योना माझा पदर सोडत नव्हता. तो पाच वर्षांचा होता. लिआला त्याची बोटं एकेक करून सोडवावी लागली. रूथ रडली नाही, नुसती बघत राहिली. मुलांनो, ही आजी तुमच्याबरोबर का आली नाही, याचं उत्तर एवढंच होतं. मला तुमच्यापेक्षा पनवेल प्यारं नव्हतं. माझ्या हातून बहिणीचा एक डोंगर गेला होता आणि मी तो भरून देत होते.

नऊ वर्षं मी तो भरून दिला. तुमची उंची फोटोवरून मोजली.

आता शेवटचं. मिरू, तुला नेऊन पोचवल्यानंतरच्या सात दिवसांत, आम्ही जमिनीवर बसलो असताना, आपल्या सिनेगॉगात प्रार्थना चालवणारे हझान अहरोनभाऊ रोज संध्याकाळी प्रार्थना म्हणायला यायचे. पाचव्या दिवशी प्रार्थना संपल्यावर ते जायला उठले आणि परत बसले.

"मिरियमबाई फार काटेकोर, हॅनाबाई," ते म्हणाले. "हिमालयात जाण्याआधी माझ्याकडे आल्या होत्या. विचारलं, शब्बाथला मुक्कामापासून किती चाललं तर चालतं? मी म्हटलं, गावाबाहेर दोन हजार हात. अर्ध्या मैलाहून थोडं जास्त. तर म्हणाल्या, पावलांत सांगा."

मी त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला.

"परत आल्यावर मुद्दाम सांगायला आल्या. 'भाऊ, तुमच्या दोन हजार हातांत अख्खी कांचनगंगा बसली.' उजाडता एकट्याच गेल्या होत्या म्हणे, बंगल्यामागच्या टेकाडावर. तेराशे पावलं. अर्धा तास सगळं उघडं होतं. तुम्ही झोपला होतात म्हणाल्या." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून ते थांबले. "तुम्हाला माहीत असेलच म्हणा."

"हो," मी म्हटलं. "माहीत आहे."

त्यांच्यासमोर एवढं तरी माझं राहू दे, असं मला वाटलं.

म्हणजे तुला पर्वत दिसला होता. पेरूच्या गरासारखा, आणि मग मिठासारखा. तू एक अक्षर खोटं बोलली नव्हतीस. नियमही मोडला नव्हतास. मोडला असतास तर मी समजू शकले असते, की मोठ्या बहिणीला भिऊन गप्प राहिलीस. तू तर पनवेलहून निघण्याआधीच सगळं विचारून आली होतीस. माझी वही मिटली तेव्हाच तुला माहीत होतं की मी हलणार नाही, आणि तू तुझी वाट तिच्या आत शोधून ठेवली होतीस. दोघींत जास्त नेटकी तूच निघालीस.

तू म्हणशील, मी सांगितलं होतं ना, खोटं नाही म्हणून. होय, सांगितलंस. एकदा, हसत, मला ते कळणार नाही अशा तऱ्हेने. तेवढ्यावर तू सुटलीस असं तुला वाटत होतं का? मी सोमवारी धुक्यात रडले तेव्हा तुझ्या डोळ्यांत तो पर्वत दोन दिवसांचा ताजा होता. तो आत ठेवून तू मला थोपटलंस.

एका गोष्टीचं मी तुला माफ करू शकते, आणि करते. शुक्रवारी मी तुझ्या इच्छेला हौस म्हटलं होतं. ते ऐकल्यावर तो अर्धा तास माझ्याशी वाटून घ्यावा असं तुला वाटलं नसेल, तर तो तुझा हक्क होता. तुझ्या सत्तेचाळीस वर्षांत पूर्णपणे तुझा असा तो एकच अर्धा तास असेल. ठेव. मला तो नको.

वाल सोलण्याच्या दुपारचं माफ करता येत नाही. मी रोज प्रयत्न करते. मग योनाची बोटं आठवतात.

तुला मी हवी होते, हे आता मला कळतं. एकटीने म्हातारं व्हायची तुला भीती वाटत असेल. वाटू शकते, मला आता वाटते. तेवढंच म्हणाली असतीस, "ताई, नको जाऊस, मला भीती वाटते," तर कदाचित मी राहिलेही असते. राहिले असते तर बहीण म्हणून राहिले असते. भाजीत मीठ कमी पडलं तर तुझ्याशी भांडले असते. पुढच्या नोव्हेंबरात तुला म्हटलं असतं, चल, आता मलाही दाखव. तू मला नऊ वर्षं जवळ ठेवलंस आणि एक दिवसही माझ्याशी भांडू दिलं नाहीस. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा तीन महिने तू मला वर्तमानपत्र वाचून दाखवलंस, छोट्या जाहिरातींसकट. त्या तीन महिन्यांत तुझा आवाज मला इतका प्रिय झाला की आता सकाळी पेपर आला की मी तो तसाच बाजूला ठेवते. हेही खरं आहे. दोन्ही खरं आहे, आणि कुठल्या रकान्यात काय लिहू ते मला कळत नाही.

रूथ, योना, तुम्ही वाट तीच घ्या. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. जोरपोखरी, टोंगलू, सांदकफू. गरम मोजे दोन जोड घ्या, आलं घ्या. माथ्यावर दोन रात्री काढा, पुस्तिका काही म्हणो. आणि टोंगलूला जो आधी उठेल त्याने दुसऱ्याला उठवावं, तो रागावला तरी.

मिरू, बंगल्यापासून ते टेकाड तेराशे पावलांवर. वाऱ्याची दिशा बरी असेल तर हाक ऐकू आली असती. तू हाक मारली नाहीस, कारण मी येणार नाही हे तुला माहीत होतं. ते बरोबरच होतं, मी आले नसते. मी खाटेवरूनच ओरडले असते, की आज शनिवार आहे. आणि पडवीत तू पर्वत दिसल्याचं बोलली नाहीस, कारण बोललीस तर मी जाईन हे तुला माहीत होतं. तेही बरोबर. मी गेले असते.

इतकं ओळखत होतीस मला. तरी एकदा विचारून बघायचं होतंस.